खाऱ्या पाण्याची पेटी

बाबा, घरात तीन फूट लांबीची काचेची पेटी आहे, तिच्यात खारं पाणी आहे, आणि त्या पाण्यात सध्या दगडांशिवाय काहीच नाही. हे तुम्हाला कसं सांगावं तेच मला कळत नाही. तुम्ही जन्मभर तलावातून मासे बाहेर काढले. तुमची नात आता मासे घरात आणायला निघाली आहे, तेही समुद्रातले, आणि खायला नाही, नुसते पाहायला. तुम्ही असता तर एकदा पेटीकडे पाहिलं असतं, एकदा माझ्याकडे, आणि काही न बोलता तंबाखू मळायला बसला असता. तुम्ही तसे बसलात की मला भीती वाटायची. सत्तरी ओलांडली तरी ती गेलेली नाही.

तुमची नात इथे ब्रह्मपुरीला हायस्कुलात विज्ञान शिकवते. लग्न केलं नाही, आणि मी विचारायचं सोडलं त्यालाही बरीच वर्षं झाली. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. दिवाळीच्या सुट्टीत ती शाळेतल्या बायांसोबत अंदमानला गेली होती. तिथे काचेच्या बुडाच्या नावेत बसून तिने समुद्राच्या तळाचं रान पाहिलं. रान हा तिचाच शब्द. होळीच्या आधी आपल्याकडे पळस पेटतो तसं पाण्याखाली पेटलं होतं म्हणे, आणि ते सगळं जिवंत होतं. पोवळं जिवंत असतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आपण तर ते अंगठीतला खडा म्हणूनच ओळखत होतो. परत आल्यावर आठ दिवस ती मोबाइलमध्ये त्याचेच फोटो पाहत होती. नंतर म्हणाली, "बाबा, मले घरी तसं करून पाहाचं हाय." मी म्हटलं, "कर ना मग." मला वाटलं, एखादी बरणी आणेल.

तिने वही आणली. सगळा हिवाळा पेटी नव्हतीच, नुसती वही होती. दोन वर्षांत तिने जे बाजूला टाकलं होतं तो आकडा पहिल्या पानावर वर लिहिला, त्याखाली जाड रेघ मारली आणि म्हणाली, ह्या रेघेच्या बाहेर जायचं नाही. मी जेमतेम सहावी, पण मिलमध्ये चाळीस वर्षं धानाच्या पोत्यांचा हिशेब डोक्यात ठेवला आहे, म्हणून तिने मला जोडीला बसवलं. त्या वहीने माझी झोप खाल्ली, बाबा. एक वस्तू लिहिली की तिच्यामागे दुसरी उभी. पेटी म्हटली की लोखंडी स्टँड आला. पाणी म्हटलं तर बोअरचं चालत नाही, ते गाळायचं यंत्र हवं, आणि ते यंत्र एक बादली चांगलं पाणी देताना तीन बादल्या बाहेर टाकतं. मीठ म्हटलं तर घरातलं चालत नाही, समुद्राचं वेगळं मीठ डब्यातून येतं. मीठ किती झालं ते पाहायला एक दुर्बिणीसारखी नळी, तिच्यात मला मोतीबिंदूच्या डोळ्याने नुसतं निळं दिसतं. लाटा करायला पंखा, फेस काढायला नळकांडं, ऊन पाडायला दिवा. मी विचारलं, "आपल्या खिडकीतून एवढं ऊन येते, थे नाई चालत काय?" ती म्हणाली, "थ्या उन्हानं शेवाळ होते जी." म्हणजे ज्या गोष्टीची आपल्याकडे रेलचेल आहे ती बाहेर ठेवायची आणि विकत आणून आत लावायची.

स्टँड बनवायला मी वेल्डिंगवाल्या चाचांकडे गेलो. ते माझ्याच वयाचे, मिलची किती तरी दारं त्यांच्या हातची. माप पाहून त्यांनी विचारलं, "भाऊ, याच्यावर ठेवनार काय, तिजोरी?"

"पानी," मी म्हटलं. "तीन पोते धानाच्या वजनाचं."

"आणि मछली किती?"

"दोन. बोटायेवढ्या."

चाचांनी मशीन बंद केली. डोळ्यांवरचा काळा चष्मा वर सरकवून ते इतके हसले की समोरच्या पानठेल्यावरचे लोक उठून आले. "दो मछली के वास्ते तीन बोरा पानी! भाऊ, तुमी मिलमंधीच बरे होते." पण त्यांनी स्टँड असा केला की वर हत्ती उभा राहावा. मजुरी कमी घेतली आणि एकच अट घातली, पेटी भरली की मला दाखवायला बोलवायचं. अजून बोलावलेलं नाही. रस्त्यात भेटले की विचारतात, "काय भाऊ, समुंदर आला का?" मी दुसऱ्या गल्लीने जातो.

सगळ्यात मोठं भांडण उन्हाशी होतं. समुद्रातल्या ह्या जिवांना आपल्या माघातल्या दुपारी असतं तेवढंच ऊबदार पाणी लागतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात टाकीतलं पाणी अंगावर घेताना माणूस ओरडतो. पाणी थंड करायचं मशीन पेटीपेक्षा महाग. तिने लहान मशीन घ्यायचं ठरवलं आणि पेटीवर दोन पंखे लावले. आपली हवा कोरडी, पंख्याखाली पाणी उडून जातं आणि उडताना गार होतं, माठातल्यासारखं. पण पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणजे उडालं तेवढं गोडं पाणी दिवसातून दोनदा घालायचं, नाहीतर वरण आटावं तसं ते खारट होत जातं. हे मला एका झटक्यात समजलं आणि ती खूश झाली. ते पाणी आपोआप घालणारं यंत्रही वहीत होतं. पण खर्चाचा आकडा रेघेला टेकला होता. तिने त्या यंत्राच्या नावावर काट मारली आणि समोर लिहिलं: बाबा.

मी कितीदा ते पान उघडून पाहिलं. पान चुकीचं आहे, असं मला तिला सांगायचं होतं. ज्याच्या हातात जीव देऊ नये अशा माणसाचं नाव तिने तिथे लिहिलं होतं. हे तुमचेच शब्द. तुम्हाला आठवत नसतील, मला आठवतात.

तेव्हा मी अकरा वर्षांचा असेन. तलावात सोडायचे माशांचे जिरे कलकत्त्याकडून रेल्वेने यायचे, मातीच्या हंड्यांत, पाण्यातून. जिरं म्हणजे डोळ्यांना दिसेल न दिसेल असा जीव. तुम्ही मला शाळेतून काढून वडशाच्या स्टेशनावर नेलं होतं. गाडी आली, हंड्या उतरवून मोजून घेतल्या, आणि तुम्ही बैलगाडी पाहायला गेलात. जाताना सांगितलंत, "हात थांबू द्याचा नाई. पानी हाललं त जिरे जगते." तीन हंड्या माझ्यासमोर. एकेकीला काठाला धरून झोक्यातल्या लेकरासारखं हलवत राहायचं, एवढंच काम. तुम्ही परत आलात तेव्हा तिन्ही हंड्यांच्या बुडाशी पांढरा थर बसला होता, तांदळाच्या कणीसारखा. साऱ्या गावाच्या तलावाचं वर्षाचं बियाणं होतं ते. तुम्ही विचारलंत, "काय केलास?" मी म्हटलं, "डोळा लागला, बाबा." तुम्ही मारलं नाहीत. हंड्या तिथेच रुळाच्या कडेला रिकाम्या केल्यात आणि म्हणालात, "तुह्या हातात जीव द्यासारखा नाई रे पोट्ट्या."

पुढच्या वर्षी तुम्ही मला तलावावर नेलं नाही. शाळेतही परत घातलं नाही. जरा मोठा झालो तसं वडशाच्या धानमिलमध्ये नेऊन सोडलं आणि म्हणालात, "इथी बरा हायेस. इथी मरासारखं काई नाई." ते खरं होतं. चाळीस वर्षं मी पट्टे, चाळण्या आणि कोंडा सांभाळला. त्यातलं काही मेलं नाही. घरात कधी शेळी ठेवली नाही, कोंबडी ठेवली नाही. बायकोने एकदा पोपट आणला तर तो दुसऱ्याच दिवशी तिच्या बहिणीकडे पाठवला. ती का ते विचारत राहिली, मी सांगितलं नाही. मुलगी झाली तेव्हा महिनाभर तिला उचललं नाही, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

पण पोरीने वहीत नाव लिहिलं होतं आणि ती दहाला शाळेत जाते, पाचला येते. पेटी भरली. दीड महिना ती नुसती दगड आणि पाणी अशी चालू ठेवायची असते, पाणी मुरावं म्हणून. मग नागपूरच्या दुकानदाराने थर्माकोलच्या डब्यातून, एस.टी.ने, पहिले जीव पाठवले. पाच गोगलगायी आणि एक झिंगा. एका झिंग्याची किंमत ऐकून मी खुर्चीत बसलो. तुम्ही तेवढ्यात टोपलीभर दिले असते आणि वर कोथिंबीर मागितली असती तर तीही दिली असती. लाल अंगाचा, पाठीवर पांढरा पट्टा, आणि वीतभर पांढऱ्या मिशा. पोरीने सांगितलं, हा मोठ्या माशांचं अंग साफ करतो. मी हात बुडवला तर तो दगडाखालून आला आणि माझी नखं कोरायला लागला. रोज दुपारी मी पाणी घालायला गेलो की तो यायचा. मी त्याच्याशी बोलत होतो, बाबा. इथे दुसरं कोणी नसतं, म्हणून सांगतो.

आठव्या दिवशी तो उताणा पडला होता. गोगलगायी काच सोडून खाली आल्या होत्या. त्या दिवशी ऊन भयंकर होतं आणि दुपारी दोन तास लाइन गेली होती. संध्याकाळी पोरगी आली. मी दारातच सांगितलं, "उन्हानं मेले सारे." तिने पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही, पेटीसमोर तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "माहीच चूक हाय, बाबा. लहान मशीन घेतलं, कंजुषी केली."

खरं सांगायचं तर तेव्हा मला कारण माहीत नव्हतं. माहीत नसताना मी उन्हाचं नाव घेतलं, कारण ऊन परत येऊन जाब विचारत नाही. पण मनाला टोचत होतं. गाळलेलं पाणी तिने मला निळ्या प्लास्टिकच्या डबकीत भरून ठेवायला सांगितलं होतं. उन्हाळ्यात त्या पाण्याला वास येतो असं मला वाटलं. म्हणून मी ते रोज तांब्याच्या गुंडात, पिण्याच्या पाण्याच्या घागरीत, भरून ठेवत होतो. तोच गुंड, जो तुम्ही तलावात मासळी भरपूर मिळाली त्या वर्षी ब्रह्मपुरीच्या बाजारातून आईसाठी डोक्यावर आणला होता. त्यातलं पाणी पिऊन आपण सगळे वाढलो. तांब्यातलं पाणी शुद्ध असतं हे आपल्याकडे कोणालाही विचारा. जीव नाजूक आहे, त्याला घरातलं सगळ्यात चांगलं भांडं वापरावं, एवढाच माझा विचार होता.

पोरगी शाळेत गेल्यावर मी दुकानदाराला फोन केला. शनिवार होता, तिची सकाळची शाळा. म्हटलं, "तांब्याच्या भांड्यातलं पानी चालते काय जी?" तो म्हणाला, "काका, झिंग्याला तांबं म्हणजे विष. पोवळ्यालासुद्धा. मासा एखादवेळी वाचेल, हे नाही वाचणार." फोन ठेवला आणि मला माझ्या मनगटावर तुमचा हात आठवला. वडशाच्याही आधीच्या वर्षाची गोष्ट. आपण कावडीने जिरे नेत होतो, वाटेत विहिरीवर थांबलो, आणि हंडीत ताजं पाणी घालायला मी गडू उचलला. तांब्याचा. तुम्ही असा फटका मारला की गडू घरंगळत गेला. "मातीचं घे," म्हणालात. बस, दोनच शब्द. का, ते नाही. बाबा, मला तुमचा राग येतो. चार शब्द जास्त बोलला असता तर काय झालं असतं? की तुम्हालाही का ते ठाऊक नव्हतं, तुमच्या बापानेही तुमच्या हातावर मारलं होतं? तुम्हाला सगळं येत होतं आणि तुम्ही सांगितलं काहीच नाही. माझ्या वाट्याला नुसते फटके आले, आणि मी फटके लक्षात ठेवले, ते कशासाठी बसले ते विसरलो.

मी पोरीला सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. आणि इकडे वहीत माझ्या त्या एका शब्दावर नवीन पानं भरायला लागली. ऊन कारण, म्हणून मोठं मशीन. मोठं मशीन, म्हणून मोठा इन्व्हर्टर. रेघ केव्हाच ओलांडली. तिच्या आईने भाजीच्या पैशांतून वाचवून तिच्या नावावर एक ठेव ठेवली होती, त्या ठेवीला पोरगी कधी हात लावत नाही. एका संध्याकाळी म्हणाली, "सोमवारी बँकेत जातो. आईची ठेव मोडतो. आईले आवडलं असतं." मी वहीकडे पाहत राहिलो. सगळी बेरीज बरोबर होती. फक्त पहिला शब्द खोटा होता, आणि तो माझा होता.

रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात कैऱ्या उकडत होती. मी दारात उभा राहिलो.

"उद्या बँकेत जाऊ नोको."

"काऊन जी?"

"थो झिंगा उन्हानं नाई मेला."

तिने गॅस बारीक केला. "मंग?"

मी गुंडाकडे बोट दाखवलं. ती विज्ञानाची मास्तरीण, तिला जास्त सांगावं लागलं नाही. तरी तिने विचारलंच, "यातलं पानी टाकत होते?"

"हो."

"कईपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आन तुमाले कई समजलं?"

"मांगच्या शनिवारी."

"आठ दिवस!" तिचा आवाज चढला. "आठ दिवस मी मशीनचे भाव पाहून राह्यली, आईची ठेव मोडाले निघाली, आन तुमी समोर बसून बेरजा करून देऊन राह्यले! काऊन नाई सांगतलं?"

"तुले वाटलं असतं..."

"काय वाटलं असतं? म्हातारा मानूस हाय, चुकला. एवढंच वाटलं असतं, बाबा. दुसरं काय वाटनार होतं?"

तिने गॅस बंद केला आणि ती पेटीकडे निघून गेली. उकडलेल्या कैऱ्या तशाच राहिल्या, पन्हं झालंच नाही. दुपारी तिने दुकानदाराला फोन केला. पाणी बदलायचं, तांबं शोषणारी पुडी टाकायची, पुन्हा पुन्हा तपासायचं. दगडांनी तांबं पिऊन घेतलं असेल तर दगडही फेकायचे. पावसाळ्यापर्यंत पेटी रिकामी. चाचांना आणखी दोन महिने चुकवायचं. हे सगळं मी पलंगावर बसून ऐकत होतो, आणि मला वाटत होतं, आता ती वही घेईल, बाबा ह्या शब्दावर काट मारेल आणि ते यंत्र परत लिहील. तिने तसं करावं असं मला वाटत होतं. मी सुटलो असतो.

संध्याकाळी तिने वही घेतली. मोठ्या मशीनची पानं फाडली. मग ते जुनं पान काढलं आणि माझ्या नावाखाली बारीक अक्षरात लिहिलं: प्लास्टिकचा मग, एक. "उद्यापासून यानंच टाकजा," म्हणाली, "आन मले विचारल्याशिवाय घरातलं एकबी भांडं लावू नोका." गुंड तिने घासून पुन्हा पिण्याच्या पाण्याला ठेवला. आज मी मगाने दोन वेळा पाणी घातलं. पेटीत कोणी नाही, तरी जपून घातलं. हात बुडवला. नखं कोरायला कोणी आलं नाही.

फाडलेली पानं एका बाजूने कोरी होती, त्यांच्यावरच हे लिहितो आहे. मागे मोठ्या मशीनचे भाव आहेत. कुठे टाकायचं नाही, तुमचा पत्ता नाही, आणि पोरीने वाचावं असंही नाही. पण तिला सांगून झालं, आणि सांगितल्यावर ती जे बोलली ते सारखं डोक्यात फिरतं आहे. आता एकट्या तुमचं राहिलं.

वडशाला त्या दिवशी माझा डोळा लागला नव्हता. गाडीचं इंजिन पुढे जाऊन पाणी भरायला थांबलं होतं. उंच नळाची सोंड फिरवून त्याच्या पोटात धो धो पाणी सोडत होते, वाफ निघत होती, आणि मी हंड्या ठेवून रुळापर्यंत गेलो. थोडा वेळ म्हणून गेलो. तुम्ही विचारलंत तेव्हा झोपेचं नाव घेतलं, कारण झोपेत कोणाची चूक नसते. बाबा, मी जागा होतो.